अर्ध्या गुणाची मानकरी

मे महिना सरत आला की रत्नागिरीत घरोघरी दोन कामं हमखास निघतात. एक कौलं परतण्याचं आणि दुसरं स्कूटर गॅरेजला नेण्याचं. गॅरेजवाला मागच्या टायरवरून हात फिरवतो आणि टायर गोटा झालाय, पावसाआधी बदलून घ्या, असं बजावतो. त्याचं बरोबरच असतं. हातखंब्याच्या उतारावर किंवा भाट्याच्या पुलावर पहिल्या पावसात असा गुळगुळीत टायर घेऊन जाणं म्हणजे साबणाच्या फेसावर चालणं!

पण मैत्रिणींनो, एक जागा अशी आहे की तिथं नवाकोरा टायरच मुळी गुळगुळीत असतो. त्यावर नक्षी नाही की एक खाच नाही. ती जागा म्हणजे मोटार शर्यतीचा ट्रॅक आणि त्या टायरला म्हणतात स्लिक. आपल्या टायरवरच्या खाचा असतात पाणी बाहेर काढायला. रस्ता कोरडा असेल तर त्या खाचांची जागा फुकट जाते. शर्यतीच्या गाडीला सबंध रबर रस्त्याला टेकलेलं हवं असतं. जेवढं रबर जास्त टेकेल तेवढी पकड जास्त.

मात्र हे रबर मोठं लहरी. चिक्कीचा पाक कसा, गार झाला की कडक आणि तापला की चिकट, तसंच याचं. थंड असताना ते घसरतं. तापलं की रस्त्याला चिकटून बसतं. फार तापलं तर पुन्हा हातातून जातं. आजकाल फॉर्म्युला वनच्या शर्यतीआधी या टायरना विजेवर तापणाऱ्या गोधड्या गुंडाळतात. १९७०च्या दशकाच्या मध्याला ती सोय नव्हती. पहिल्या काही फेऱ्यांत चालकानं स्वतःच टायर तापवायचे. नव्या माणसाची खरी परीक्षा तिथंच व्हायची. घाबरून हळू चालवलं तर टायर थंडच राहतो आणि गाडी घसरते. हिंमत करून वेग वाढवला, ब्रेक जोरात लावले, वळणावर गाडी दाबून नेली, तर टायर तापतो आणि मग पकड येते. म्हणजे पकड नसतानाच पकडीवर विश्वास टाकायचा! आणि टायर तापला की नाही, हे कळायचं कसं? हातातल्या स्टिअरिंगमधून आणि पाठीखालच्या सीटमधून. कान आणि अंग शाबूत ठेवून गाडीचं बोलणं ऐकायचं, दुसरा इलाज नाही.

असल्या टायरवर फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेत शर्यत केलेली आजवरची एकच बाई आहे. इटलीतल्या एका खाटकाची लेक, लेला लोंबार्दी.

तिचं पूर्ण नाव मारिया ग्राझिया. जन्म २६ मार्च १९४१चा, उत्तर इटलीतल्या अलेस्सांद्रिया शहराजवळच्या फ्रुगारोलो नावाच्या खेड्यातला. घरचा धंदा मटणाचा. घरात हौसेची मोटार वगैरे काही नव्हती. होती ती माल पोचवायची गाडी. लेला गाडी चालवायला शिकली ती दुकानाचा माल गिऱ्हाइकांकडे पोचवण्यासाठी. आपल्याकडे भावाच्या किंवा नवऱ्याच्या टेम्पोवर हात बसलेल्या बायका असतात ना, त्यातलीच एक समजा.

तिच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. तरुणपणी ती हँडबॉल खेळायची. खेळताना जबर लागलं आणि तिला रुग्णवाहिकेत घालून भरधाव वेगानं इस्पितळात नेलं. दुखणं राहिलं बाजूलाच, तिला त्या वेगाचीच भुरळ पडली म्हणे! गोष्ट थोडी तिखटमीठ लावलेली असेलही. पण १९६५च्या सुमाराला ती फॉर्म्युला मोंझा या छोट्या गाड्यांच्या शर्यतीत उतरली होती, हे खरं. तिथून फॉर्म्युला थ्री. १९७० मध्ये इटलीतल्या फॉर्म्युला ८५० या स्पर्धेचं विजेतेपद तिनं मिळवलं. एकदम उडी नाही, एकेक पायरी. शर्यतीला पैसा लागतो आणि नाव नसलेल्या बाईवर पैसा लावायला कोण पुढे येणार?

१९७४ साली ती इंग्लंडला गेली आणि फॉर्म्युला ५००० या दांडग्या इंजिनांच्या गाड्या चालवू लागली. इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांनी तिला नाव दिलं, तुरीनची वाघीण. बिचारी तुरीनची नव्हतीच, पण नाव चिकटलं. त्याच वर्षी ब्रँड्स हॅच इथल्या ब्रिटिश ग्रां प्रीला तिनं भाड्याच्या ब्राभम गाडीवर प्रयत्न केला. गाडीचा नंबर होता २०८. एवढा मोठा नंबर का? तर पैसे लावणाऱ्या रेडिओ लक्झेंबर्गची ती लहर होती, २०८ मीटरची! त्या शर्यतीसाठी ती पात्र ठरली नाही. सरावाच्या वेळात पुरेशी वेगवान फेरी मारावी लागायची, ती बसली नाही.

पुढच्या वर्षी तिच्या मागे एक इटालियन उमराव, काउंट झानोन आणि लवाझ्झा ही कॉफीची कंपनी उभी राहिली. मार्च या इंग्लिश टीमची गाडी मिळाली. १ मार्च १९७५ला दक्षिण आफ्रिकेत कायलामीच्या ट्रॅकवर लेला पात्र ठरली आणि शर्यतीला उभी राहिली. वय ३३. तिच्याआधी तिच्याच देशातली मारिया तेरेसा दे फिलिपिस १९५८ मध्ये फॉर्म्युला वन शर्यतीत धावली होती. म्हणजे मध्ये १७ वर्षं कुणी बाई नाही. त्या दिवशी इंधनाच्या बिघाडानं लेलाला शर्यत अर्धवट सोडावी लागली, पण दार उघडलं होतं.

मग आला २७ एप्रिल १९७५. स्पेनमध्ये बार्सिलोना शहरातल्या मोंजुइक टेकडीवरच्या रस्त्यांवर शर्यत होती. चालकांनी आधीच ओरड केली होती की कडेचे लोखंडी कठडे नीट आवळलेले नाहीत, बोल्ट ढिले आहेत. टीमच्या माणसांनी स्वतः पाने घेऊन कठडे आवळले. आदल्या वर्षीचा विश्वविजेता एमर्सन फिटिपाल्डी तर निषेध म्हणून शर्यतीतून बाजूला झाला. शर्यत तरी झालीच. २६व्या फेरीत रोल्फ श्टोमेलेनच्या गाडीचं मागचं पंख तुटलं, गाडी कठड्यावरून पलीकडे गेली आणि तिथं उभ्या असलेल्या माणसांचे जीव गेले. थोड्याच वेळात शर्यत थांबवण्यात आली. त्या क्षणी लेला सहावी होती. सहाव्या नंबराला तेव्हा एक गुण मिळत असे. पण शर्यत निम्मीही झाली नव्हती, म्हणून सगळ्यांना निम्मे गुण. लेलाच्या वाट्याला आला अर्धा.

फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेत बाईच्या नावावर लागलेली ही आजवरची एकमेव नोंद. त्या दिवशी आनंद करावा असं काही नव्हतं. मोंजुइकवर पुन्हा कधी ग्रां प्री झाली नाही.

त्याच मोसमात जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगला, जवळजवळ २३ किलोमीटरची एक फेरी असलेल्या, जंगलातून वरखाली जाणाऱ्या ट्रॅकवर ती सातवी आली. आपला आंबा घाट नजरेसमोर आणा आणि तो शर्यतीच्या वेगानं पुन्हा पुन्हा काढायचा, अशी कल्पना करा!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या वर्षभर लेला टीमच्या तंत्रज्ञांना सांगत होती की गाडीच्या मागच्या बाजूत काहीतरी चुकतंय, वळणावर गाडी सरळ वागत नाही. तपासणी वरवर झाली असेल नसेल, तिच्या म्हणण्याला वजन मात्र मिळालं नाही. त्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हतं, इंजिन चारशेहून जास्त अश्वशक्तीचं आणि लेला अंगापिंडानं लहानखुरी. तेव्हा दोष गाडीत कसला, बाईच्या मनगटात जोर कमी, असा सोपा अर्थ लावला गेला.

१९७६च्या पहिल्या शर्यतीनंतर तिची जागा स्वीडनच्या रॉनी पीटरसनला दिली गेली. पीटरसन म्हणजे त्या काळातला सर्वात वेगवान समजला जाणारा गडी. तो त्या गाडीत बसला आणि त्यानंही तीच तक्रार केली! या वेळी गाडी नीट खोलून बघितली. मागच्या बाजूचा, सगळा भार पेलणारा धातूचा ओतीव भाग तडकलेला निघाला. लेला सांगत होती ते अक्षरशः खरं होतं. ती इतके दिवस तडकलेल्या गाडीवर शर्यती करत होती आणि वर टीकाही सोसत होती. टीमच्याच लोकांनी पुढे ही हकीकत हळहळून सांगितली.

मैत्रिणींनो, ही तक्रार आपल्या ओळखीची नाही का? मिक्सरचा आवाज बदललाय, पोराचं काहीतरी बिनसलंय, छातीत वेगळंच दुखतंय... आपण सांगतो आणि तुला उगाच वाटतंय असं उत्तर येतं. तेच दुसऱ्या कुणी सांगितलं की सगळे धावतात. फरक इतकाच की लेलाच्या बाबतीत ते अडीचशे किलोमीटरच्या वेगानं चालू होतं.

फॉर्म्युला वनमधली तिची शेवटची शर्यत ऑस्ट्रियातली, १५ ऑगस्ट १९७६ची. ब्राभम गाडीत ती बारावी आली. एकूण १२ शर्यती तिच्या नावावर आहेत. नंतर ती लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळली आणि तिथं तिचा खरा जम बसला. १९७७ मध्ये फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत बेल्जियमच्या ख्रिस्तीन बेकर्सबरोबर तिनं अकरावा क्रमांक मिळवला. त्याच वर्षी अमेरिकेत डेटोनाला जॅनेट गथ्री, बेकर्स आणि लेला अशा तीन बायका एकाच शर्यतीत धावल्या. १९७९ मध्ये आणि १९८१ मध्ये सहा तासांच्या शर्यती तिनं जोडीदार चालकांबरोबर जिंकल्याही. ज्या मनगटांवर शंका घेतली होती, तीच मनगटं तासन् तास गाडी ओढत होती.

१९८८ च्या सुमाराला तिनं चालवणं थांबवलं आणि स्वतःची शर्यतीची टीम काढली. खासगी आयुष्य तिनं वर्तमानपत्रांपासून लांबच ठेवलं. दुखणंही तसंच. कर्करोगानं तिला गाठलं आणि ३ मार्च १९९२ला, एक्कावन्न पूर्ण व्हायला तीन आठवडे असताना ती गेली. योगायोग बघा, त्याच्या काहीच दिवस आधी त्याच कायलामीला जोवान्ना आमाती ही दुसरी इटालियन मुलगी फॉर्म्युला वनसाठी प्रयत्न करत होती. ती पात्र ठरली नाही. लेलानंतर आजपर्यंत कुणीही बाई त्या स्पर्धेच्या शर्यतीला उभी राहिलेली नाही.

आपल्याकडे मात्र हालचाल आहे. पुण्याच्या डायना पुंडोले यांनी २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर सलून गाड्यांच्या गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. दोन मुलांची आई असलेल्या या बाईंनी पुरुषांच्या बरोबरीनं धावून ते मिळवलं. देशातली कार शर्यतीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारी ही पहिली बाई.

फॉर्म्युला वनच्या गुणांच्या यादीत मोठमोठे आकडे आहेत. कुणाचे हजार, कुणाचे शेकडो. त्या यादीत पार खाली लेला लोंबार्दीचं नाव सापडतं आणि पुढे लिहिलेलं असतं अर्धा. एखादी रत्नागिरीची, लांज्याची किंवा राजापूरची मुलगी कधी गुळगुळीत टायरच्या गाडीत बसली, तर तिनं तो आकडा आधी बघून घ्यावा. तेवढा अर्धा गुण कमवायला मटणाच्या दुकानाच्या गाडीपासून सुरुवात करून कितीतरी वर्षं लागली होती.