बंदिवासातील बालराजा

फ्रान्सचा राजा सोळावा लुई व राणी मारी आंत्वानेत यांस व्हर्साय येथे २७ मार्च १७८५ रोजी पुत्र झाला. त्याचे नाव लुई शार्ल. जून १७८९ मध्ये त्याचा थोरला भाऊ वारला, आणि चार वर्षांचा हा बालक युवराज ठरला. पुढच्याच महिन्यात पॅरिस शहरात राज्यक्रांतीचा वणवा पेटला.

ऑगस्ट १७९२ मध्ये राजकुटुंबास पॅरिस येथील टेंपल नावाच्या जुन्या बुरुजात कोंडण्यात आले. २१ जानेवारी १७९३ रोजी राजाचा शिरच्छेद झाला. राजपक्षाचे लोक मुलास सतरावा लुई म्हणू लागले, परंतु मुकुट त्याच्या मस्तकी कधीच चढला नाही. ३ जुलै रोजी त्यास आईपासून तोडून अंत्वान सिमों नावाच्या, जोडे शिवणाऱ्या मनुष्याच्या हवाली केले. त्याने आपले राजकुळ विसरावे, हा हेतू. पुढे राणीवर खटला चालला, तेव्हा तिच्यावर ओंगळ आरोप करणाऱ्या कागदावर आठ वर्षांच्या त्या लेकराची सही घेण्यात आली. ऑक्टोबरात राणीचाही वध झाला.

जानेवारी १७९४ मध्ये सिमों निघून गेला. त्यानंतर सुमारे सहा महिने मुलास एका खोलीत एकटेच कोंडून ठेविले. घाण व उवा यांनी त्याचा देह ग्रासला. त्याची बहीण त्याच बुरुजात वरच्या मजल्यावर असता भावंडांची भेट होऊ दिली नाही. जुलैअखेर रोबेस्पिएर याचा पाडाव झाला, तेव्हा खोली स्वच्छ करण्यात आली, धुतलेले कपडे मिळाले, व नवे रखवालदार ममतेने वागू लागले. परंतु दया फार उशिरा आली. दुखण्याने शरीर पोखरले होते. ८ जून १७९५ रोजी, वयाच्या अकराव्या वर्षी, त्याने प्राण सोडिला.

प्रेताची तपासणी करणारे डॉक्टर पेलताँ यांनी त्याचे हृदय गुपचूप काढून घेतले. देह सामान्य कबरस्तानात पुरला गेला. पुढे अनेक तोतये निघाले, व तुरुंगातून निसटलेला राजपुत्र तो मीच, असे जो तो सांगू लागला. इ. स. २००० मध्ये शास्त्रज्ञांनी ते हृदय राणीच्या केसांशी ताडून पाहिले, तेव्हा मातेकडील रक्ताचे नाते जुळले. ८ जून २००४ रोजी ते हृदय पॅरिसजवळील सेंट डेनिसच्या मंदिरात, जेथे त्याच्या आईबापांच्या कबरी आहेत तेथे, ठेवण्यात आले.

वाचकहो, बापाच्या राज्यात प्रजेने पुष्कळ सोसले होते, हे खरे; परंतु त्याचा हिशेब एका लेकराकडून चुकता करून घेतल्याने कोणा भुकेल्याच्या पोटात घास पडला नाही. थोरांच्या वैरात लेकराचा बळी जाऊ नये.