न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग

न्यायमूर्ती तेलंगांचे नाव आपल्या महाजन मंडळींना भगवद्गीतेच्या इंग्रजी भाषांतरामुळे (१८८२) परिचित आहे. ते वकील कसे झाले, ही हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते.

काशिनाथपंतांचा जन्म मुंबईत ३० ऑगस्ट १८५० रोजी एका गौड सारस्वत कुटुंबात झाला. अमरचंदवाडीतील शाळा, एल्फिन्स्टन हायस्कूल व पुढे एल्फिन्स्टन कॉलेज असा त्यांचा विद्याक्रम. एम. ए. व एलएल. बी. या पदव्या त्यांनी ऐन तारुण्यात संपादन केल्या.

परंतु पदवी म्हणजे सनद नव्हे. १८६२ साली स्थापन झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन शाखा होत्या. जिल्ह्यांतून येणारी अपिले ज्या शाखेत चालत, तेथे एलएल. बी. झालेल्यास वकिली करता येई. मुंबई शहरातील सावकार-व्यापाऱ्यांचे मोठाले दावे मूळ शाखेत चालत आणि तेथे विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरांचे राज्य होते. विलायतेस जावे, तर खर्च अमाप आणि वर बहिष्काराची टांगती तलवार. उरे ती एकच वाट, उच्च न्यायालयाच्या अ‍ॅडव्होकेट परीक्षेची. या वाटेने मूळ शाखेत प्रवेश मिळविणारे पहिले हिंदी गृहस्थ बाळ मंगेश वागळे. (वडिलांचे नाव वाचताच आपल्या वाचकांना श्रीमंगेशाचे स्मरण होईल.) तेलंगांनी त्यांचाच कित्ता गिरविला. पदवीधर होऊनही ते पुन्हा परीक्षेस बसले आणि १८७२ साली अ‍ॅडव्होकेट म्हणून दाखल झाले. समुद्र न ओलांडता त्यांना बॅरिस्टरांच्या तोडीचा अधिकार लाभला. आपल्या गोव्यात त्या काळी निराळी रीत होती. पदवी नसली तरी परवाना मिळवून वकिली करता येई.

सनद मिळाली तरी अशील मिळतोच असे नाही. तेलंगांना तो लवकर मिळाला, याचे कारण त्यांचे संस्कृत. हिंदू कायद्याच्या खटल्यांत गोरे बॅरिस्टर भाषांतरांवर विसंबत. तेलंग मूळ धर्मग्रंथ उघडून अर्थ लावीत. जम बसल्यावर सरकारी नोकरी चालून आली, ती त्यांनी नाकारली. १८८९ साली मात्र त्यांनी न्यायासन स्वीकारले. तेथे असताना, आजोबा-काकांसह एकत्र असलेल्या कुटुंबात मुलास बापाच्या संमतीवाचून वाटणी मागता येत नाही, असे पूर्णपीठातील बहुमत पडले. तेलंगांनी एकट्याने विरुद्ध मत नोंदविले. वाटणीचे दावे ज्यांनी घरात पाहिले आहेत, त्यांना या मतभेदाचे मोल वेगळे सांगावयास नको.

१८९२ साली ते मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू झाले. संमतिवयाच्या कायद्याचा हा पुरस्कर्ता १८९३ साली स्वतःच्या मुलीचा बालविवाह टाळू शकला नाही. त्याबद्दल सुधारकांनी त्यांना कठोर बोल लावले. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांची बाजू समजून घेतली. आमच्या मते न्यायासनावर एकट्याने उभे राहणे त्यांना साधले, घरात साधले नाही. त्याच वर्षी १ सप्टेंबरला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.