पाव, चहा आणि जॉन म्यूर

सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलच्या गॅलरीत हा विषय हमखास निघतो. बास झालं, सगळं सोडून डोंगरात जाऊन राहायचं. एकटं. जंगलात मिळेल ते खायचं, झऱ्याचं पाणी प्यायचं, तब्येत कशी ठणठणीत होईल बघ! मग कुणीतरी जॉन म्यूरचं नाव घेतं. लांब दाढीचा, काठी घेऊन उभा असलेला तो फोटो आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे पाहिलेला असतो. अमेरिकेतल्या सिएरा नेवाडाच्या डोंगरांत हा माणूस आठवडेच्या आठवडे एकटा भटकायचा. बंदूक नाही, तंबू नाही, बऱ्याचदा पांघरूणसुद्धा नाही. हे सगळं खरं आहे. फक्त त्याच्या पिशवीत काय असायचं, ते कुणी विचारत नाही.

म्यूर जन्मला १८३८ मध्ये, स्कॉटलंडमधल्या डनबार गावात. तो अकरा वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिनला आलं. वडील कमालीचे कडक आणि देवभोळे. शेतावर विहीर हवी होती आणि खाली वालुकाश्म लागला, तेव्हा वडिलांनी या पोराला छिन्नी-हातोडा देऊन बादलीतून खाली सोडलं. महिनोन् महिने तो एकटा खडक फोडत होता. ऐंशी फुटांवर एका सकाळी तळाशी साचलेल्या विषारी वायूने त्याची शुद्ध हरपायला लागली. कसाबसा बादलीत चढला म्हणून वाचला. दोन-तीन दिवसांनी पुन्हा खाली! ती विहीर नव्वद फूट खोल गेली, तेव्हा कुठे पाणी लागलं. मोकळ्या हवेचं त्याला पुढे जे वेड लागलं, त्याची सुरुवात मला तरी या विहिरीत दिसते.

पुढे मॅडिसनला विद्यापीठात गेला. खिशात पैसे नाहीत, त्यामुळे कधी कधी आठवड्याचं जेवण अर्ध्या डॉलरमध्ये भागवायचा. स्वतः लाकडाची यंत्रं बनवायचा. त्यातलं एक म्हणजे ठरलेल्या वेळी झोपलेल्याला उभं करणारा पलंग. (आपल्या हॉस्टेलला असे चार तरी लागतील.) पदवी मात्र घेतली नाही. मग कारखान्यात नोकरी. १८६७ च्या मार्चमध्ये कानस निसटून त्याच्या उजव्या डोळ्यात घुसली आणि काही दिवसांत दुसऱ्या डोळ्यालाही दिसेनासं झालं. काही आठवडे अंधाऱ्या खोलीत काढल्यावर नजर परत आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो केंटकीहून फ्लोरिडाकडे चालत निघाला, सुमारे हजार मैल.

या प्रवासात सव्हाना शहरात भावाकडून येणाऱ्या पैशांची वाट बघत त्याने काही रात्री एका कब्रस्तानात काढल्या. बिस्किटं खायची आणि झाडाखाली पडून राहायचं. डास फोडून काढत होते. फ्लोरिडाला पोचला आणि मलेरियाने कोसळला. ज्या लाकूड गिरणीत काम धरलं होतं, तिच्या मालकाच्या घरच्यांनी कित्येक आठवडे सेवा केली म्हणून तो जगला. निघाला होता ॲमेझॉनच्या जंगलात, पण तापाने ते राहिलं आणि १८६८ मध्ये तो कॅलिफोर्नियात उतरला. तिथल्या डोंगरवाटांच्या हवेने आपला ताप गेला, असं त्याने मानलं. त्याचा दोष नाही, मलेरिया या शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा! डासाचा आणि मलेरियाचा संबंध रोनाल्ड रॉसने आपल्याकडे सिकंदराबादला सिद्ध केला, तो १८९७ मध्ये.

आता खरी गोष्ट. १८६९ च्या उन्हाळ्यात दोन हजारांवर मेंढ्यांचा कळप घेऊन तो सिएरात चढला. मालकाने त्याला मेंढपाळावर लक्ष ठेवायला नेलं होतं, म्हणजे फुलं बघायला आणि चित्रं काढायला भरपूर वेळ. जुलैच्या सुरुवातीला खालून येणारा शिधा लांबला. पीठ संपलं. आजूबाजूला मेंढ्याच मेंढ्या, मटण हवं तेवढं, चहा आणि साखरही होती. पाव तेवढा नाही. दोन-चार दिवसांत म्यूरची हालत झाली. मटण बघूनच मळमळायला लागलं, पोट दुखायला लागलं, झोप उडाली. समोर जगातलं सर्वात सुंदर रान आणि याच्या डोक्यात फक्त पाव! शिधा आला तेव्हा जिवात जीव आला.

विहीर, आंधळेपण, मलेरिया पचवलेला तिशीतला माणूस, आणि भर उन्हाळ्यात, हिरव्यागार जंगलात त्याला खायला काही सापडेना. त्याच्या वहीत त्याने हे प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. याच डोंगरातले मूळ रहिवासी कंद, कोवळे देठ, बिया, सालीचा गर, अगदी मुंग्यासुद्धा खाऊन मजेत जगतात आणि आपलं अन्नाचं ज्ञान मात्र गव्हाच्या शेतापाशी संपतं, ही खंत त्यात आहे.

ते रहिवासी म्हणजे मिवोक आणि त्यांचे शेजारी. योसेमिटीच्या दरीत ते पिढ्यान् पिढ्या राहत होते. त्यांचं मुख्य अन्न ओकची फळं. ती झाडावरून तोडून थेट खाता येत नाहीत, कडू असतात. शरद ऋतूत गोळा करायची, वाळवायची, कोठारात साठवायची. मग सोलून दगडावर कुटायची, आणि पिठाचा कडवटपणा जाईपर्यंत त्यावर पुन्हा पुन्हा पाणी ओतायचं. नंतर घट्ट विणलेल्या टोपलीत पाणी आणि पीठ घालून त्यात तापलेले दगड सोडायचे, की लापशी शिजते. डोंगरापलीकडच्या मोनो सरोवराकडच्या लोकांशी देवाणघेवाण चालायची, त्यांच्याकडून पाइनच्या बिया यायच्या. हिवाळ्यात खाली, उन्हाळ्यात वर. जंगलावर जगणं ते हे, आणि ते करायला अख्खं गाव लागायचं. त्यात एकटं कुणीच नव्हतं.

मग हे लोक गेले कुठे? म्यूर येण्याच्या सतराच वर्षं आधी, १८५१ मध्ये, सशस्त्र तुकडी दरीत शिरली, लोकांना हाकललं आणि त्यांची ओकच्या फळांची कोठारं जाळली. म्यूरला जे निर्जन, अस्पर्श वाटलं, ते बरंचसं रिकामं केलेलं होतं. जे थोडे लोक उरले होते, त्यांच्याबद्दल त्याने सुरुवातीच्या काळात तुच्छतेनेही लिहिलं. कोठार जाळलेल्या माणसाच्या अंगावर मळ दिसला तर नवल काय? मला त्याचं लिखाण आवडतं, पण ती पानं वाचताना अडखळायला होतं.

पुढच्या भटकंतीत त्याने पावाचा प्रश्न पक्का सोडवला. बुरशी लागू नये म्हणून पाव कडक वाळवायचा, पिशवीत भरायचा, सोबत चहा आणि वही. रात्री पाइनच्या फांद्या अंथरून शेकोटीजवळ झोपायचं. पाव संपत आला की खाली उतरायचं. एवढ्या शिदोरीवर १८७२ मध्ये तो एकटा माउंट रिटरच्या माथ्यावर गेला, तेरा हजार फुटांच्या वर. वाटेत कड्यावर हात पसरलेले, पुढे जाता येईना, मागे येता येईना, अशा अवस्थेत अडकला होता. दर वेळी नशिबाने साथ दिली असं नाही. १८७५ च्या एप्रिलअखेर शास्ता पर्वतावर वादळात सापडला, अंगात कोट नव्हता. सोबत जेरोम फे नावाचा वाटाड्या होता. दोघांनी शिखराजवळच्या गरम वाफेच्या चिखलात पडून रात्र काढली. एक बाजू भाजत होती, दुसरी गोठत होती. पायांना हिमदंश झाला आणि ते दुखणं त्याला नंतरही जाणवत राहिलं.

तरीही तो तब्येतीने खरा बिघडला, तो घरी. १८८० मध्ये लुई स्ट्रेंट्झेलशी लग्न झालं आणि मार्टिनेझला सासऱ्यांच्या फळबागा तो बघायला लागला. व्यवहारात हुशार निघाला, पैसा चांगला मिळवला. पण वजन घटलं, खोकला जाईना, चिडचिड वाढली. शेवटी लुईनेच त्याला कळवलं की बाग तुझा जीव घेणार असेल तर बाग विकू, तू डोंगरात जा. १८९० च्या उन्हाळ्यात तो खोकला घेऊनच अलास्काला गेला. त्याच्याच नावाच्या हिमनदीवर छोटी घसरगाडी ओढत दहा-एक दिवस एकटा फिरला. बर्फाने डोळे दिपून दिसेनासं झालं, एकदा पाण्याने भरलेल्या भेगेत पडला, पण खोकला गेला. गाडीवर शिदोरी कसली होती, हे सांगायला नकोच. कडक पाव आणि चहा.

त्याच वर्षी योसेमिटी राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामागे म्यूरचे लेख होते. १८९२ मध्ये त्याने सहकाऱ्यांसोबत सिएरा क्लब काढला. १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना तीन रात्री उघड्यावर झोपवलं. मात्र हेच हेची दरीत धरण होऊ नये म्हणून वर्षानुवर्षं दिलेला लढा १९१३ च्या डिसेंबरमध्ये हरला. पुढच्या डिसेंबरात तो धाकट्या मुलीला, हेलनला भेटायला मोहावी वाळवंटात गेला. तिथे न्यूमोनिया झाला. लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात १९१४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तो गेला. अलास्कावरच्या पुस्तकाची अर्धवट राहिलेली पानं तेव्हा त्याच्याजवळ होती.