ड्यूक यांची सोळा फुटी फळी

१९१४ च्या डिसेंबरात ऑलिम्पिक विजेते जलतरणपटू ड्यूक कहानामोकू सिडनीत पोहोचले, तेव्हा त्यांच्या सामानात एक गोष्ट नव्हती. लाटेवर स्वार होण्याची फळी ते हवाईहून बरोबर घेऊन आले नव्हते. न्यू साउथ वेल्सच्या जलतरण संघटनेने त्यांना बोलावले होते ते शर्यतींसाठी. पण हा माणूस लाटेवर उभा राहतो, ही कीर्ती त्यांच्या आधीच तेथे पोहोचली होती आणि लोकांना ते पाहायचे होते. ड्यूक यांनी गावातल्याच लाकडाच्या वखारीतून शुगर पाइन या जातीचे लाकूड मिळवले आणि त्यातून साडेआठ-नऊ फुटांची एक जड फळी सिद्ध केली. फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर तीच फळी घेऊन ते पाण्यात उतरले.

सर्फिंग शिकणाऱ्याच्या दृष्टीने या प्रसंगातला सर्वांत मोलाचा भाग लाटेवरच्या कसरतींचा नाही, वखारीतल्या निवडीचा आहे. हल्ली मुंबई-पुण्याची तरुण मंडळी कर्नाटकातील मुळकीला किंवा चेन्नईजवळच्या कोवलमला जाऊन सर्फिंग शिकतात. पहिले काही दिवस सोपे असतात. शिकवणारा देईल ती रुंद, मऊ, लांब फळी घ्यायची आणि फुटून गेलेल्या लाटेच्या फेसात उभे राहायला शिकायचे. खरा पेच पुढे पडतो. उभे राहणे जमू लागले, न फुटलेली लाट पकडण्याची हौस उत्पन्न झाली, की स्वतःची फळी घ्यावीशी वाटते. मग नजर जाते ती पट्टीच्या खेळाडूंच्या काखेतल्या सहा फुटी, टोकदार, चपळ फळीकडे. ती घेतली की बहुतेकांची प्रगती थांबते. हाताने पाणी मारून मारून खांदे भरून येतात आणि लाट मात्र खालून निघून जाते. फळी कोणती घ्यावी, हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर आपल्या हातांनी सोडवला, त्या ड्यूक यांच्या चरित्राकडे या बाजूने फारसे पाहिले जात नाही.

त्यांचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलू येथे झाला. ड्यूक ही पदवी नव्हे, नाव होते. ब्रिटिश राजपुत्र ड्यूक ऑफ एडिंबरा यांनी १८६९ मध्ये हवाईला भेट दिली, त्याच वर्षी जन्मलेल्या मुलाचे नाव ड्यूक ठेवण्यात आले आणि पुढे त्यानेही आपल्या थोरल्या मुलाला तेच नाव दिले. आपल्याकडे मुलाचे नाव राजाराम ठेवावे तसे. घराण्याचा हवाईच्या राजकुळाशी जुना संबंध होता, पण ते राज्यच उरले नाही. ड्यूक अडीच वर्षांचे असताना, १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत करण्यात आले आणि ते आठ वर्षांचे होण्याआधीच, ऑगस्ट १८९८ मध्ये, हवाई बेटे अमेरिकेत विलीन झाली. वडील पोलीस खात्यात होते, भावंडे पुष्कळ होती आणि घरापासून हाकेच्या अंतरावर वाइकीकीचा समुद्र होता. शाळेपेक्षा तोच जवळचा वाटला, तर नवल नाही.

त्या समुद्रावर फळीची निवड कधीकाळी जातिवंत शास्त्र होते. जुन्या हवाईत लांबट व जाड ओलो फळी सरदार-दरकदारांसाठी असे. ती पंधरा-सोळा फूट आणि त्याहूनही लांब भरे. सामान्य लोक अलाया ही पातळ, कमी लांबीची फळी वापरत. पोटावर झोपून लाट घेण्यासाठी पाइपो नावाची आखूड फळी होती. लाकूडही ठरलेले असे. अलायासाठी बहुधा बाभळीच्या दूरच्या नात्यातले कोआ, तर ओलोसाठी हलके विलीविली. हे विलीविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याचे भावंड, एकाच वनस्पतिवंशातले. महाराष्ट्राच्या गावोगावी पांगाऱ्याचा हलका ओंडका पाठीला बांधून पोरांना विहिरीत सोडत. जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावासारख्या गावातून शहरात आलेल्या एखाद्या आजोबांना विचारले, तर पाण्यावर कोणते लाकूड तरते आणि कोणते बुडवते हे ते सहज सांगतील. हवाईत झाड तोडण्यापूर्वी त्याच्या मुळाशी लाल कुमू मासा ठेवून प्रार्थना होई. तासून झालेल्या फळीला जंगली अक्रोडाच्या बियांचे तेल चोळत आणि वापर झाला की वाळवून, सालीच्या कापडात गुंडाळून ती घरात ठेवत.

एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या रोगांनी बेटांवरची वस्ती झपाट्याने घटवली. १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांना हा उघड्या अंगाचा खेळ पसंत नव्हता. ओलो फळ्या संग्रहालयात गेल्या किंवा कुजल्या. ड्यूक यांच्या लहानपणी वाइकीकीवर मोजकेच लोक लाटेवर दिसत आणि त्यांच्या फळ्याही आखूड असत. १९०८ मध्ये तेथे आउटरिगर कनू क्लब निघाला. त्याचे सभासद प्रामुख्याने गोरे होते. ड्यूक आणि त्यांच्या मित्रांनी १९११ मध्ये हुई नालू हा आपला क्लब रीतसर उभा केला. या काळात ड्यूक यांच्याजवळ कॅलिफोर्नियाहून येणाऱ्या रेडवूडची सुमारे दहा फुटांची फळी होती. आजूबाजूच्या मुलांच्या फळ्यांहून ती लांब होती. लांब फळी वेग आधी धरते, त्यामुळे लाट पुरती उभी राहण्यापूर्वीच तिच्याबरोबर निघता येते. वळायला मात्र ती जड पडते. हा व्यवहार त्यांनी विशीतच समजून-उमजून पत्करला होता.

जलतरणातील त्यांची कारकीर्द सर्वश्रुत आहे. ११ ऑगस्ट १९११ रोजी होनोलुलू बंदराच्या पाण्यात त्यांनी १०० यार्डांचे अंतर ५५.४ सेकंदांत पोहून जागतिक विक्रमाहून ४.६ सेकंद कमी घेतले. अमेरिकेतील संघटनेने या आकड्यांवर विश्वासच ठेवला नाही. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमला त्यांनी १०० मीटर मुक्त शैलीचे सुवर्णपदक जिंकले. १९२० मध्ये अँटवर्पला त्याच शर्यतीत पुन्हा सुवर्ण मिळाले, सोबत रिले शर्यतीचेही. मधले १९१६ चे ऑलिम्पिक महायुद्धाने गिळले होते. १९२४ मध्ये पॅरिसला तरुण जॉनी वाइसमुलर पुढे गेला. चौतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील ड्यूक दुसरे आले आणि तिसरा आला तो त्यांचाच धाकटा भाऊ सॅम्युअल.

परंतु सिडनीच्या त्या उन्हाळ्याकडे परत यायला हवे. तेथे त्यांनी तलावात १०० यार्डांचा नवा जागतिक विक्रम केलाच. पण ऑस्ट्रेलियाने तो विक्रम विसरून फळी लक्षात ठेवली. वाइकीकीच्या लाटा प्रवाळाच्या खडकांवरून दूरवर सावकाश लोळत येतात. फ्रेशवॉटरच्या लाटा वाळूवर, किनाऱ्याजवळ आणि अधिक उभ्या फुटतात. तेथे ड्यूक यांची फळी त्यांच्या घरच्या फळीपेक्षा आखूड होती. तिला खाली सुकाणूसारखे पाते नव्हते, कारण तशी कल्पनाच अजून कोणाला सुचली नव्हती. दिशा बदलायची तर पाय पाण्यात ओढत न्यायचा. १९१५ च्या सुरुवातीस त्यांनी पंधरा वर्षांच्या इसाबेल लेथम या मुलीला आपल्याच फळीवर पुढे उभे करून लाट घेतली. इसाबेल पुढे पोहण्याची नामवंत शिक्षिका झाली. निघताना ड्यूक यांनी ती फळी क्लॉड वेस्ट या मुलाला देऊन टाकली. पहिली फळी म्हणून त्याला उस्तादाची फळी मिळाली आणि तो पुढे ऑस्ट्रेलियाचा विजेता ठरला. अर्थात प्रत्येकाला इतके भाग्य लाभत नाही. शिवाय उस्तादाची फळी शिकाऊ पोराला झेपतेच असेही नाही. वेस्टला ती झेपली, कारण ती लांब आणि भरीव होती, नखरेल नव्हती.

हवाईत परतल्यावर, १९१७ मध्ये, वाइकीकीच्या दूरच्या खडकांवर मोठी उसळी आलेली असताना ड्यूक यांनी एक लाट पकडली आणि तिच्यावरून ते एक मैलाहून अधिक अंतर आले, असे सांगितले जाते. अंतर कोणी दोरीने मोजले नव्हते, त्यामुळे मैलाचे अपूर्णांक ज्याचे त्याने घ्यावेत. मात्र एवढा लांब पल्ला आखूड फळीवर शक्य नव्हता, याविषयी जाणकारांत दुमत नाही. मधल्या खोल पाण्यात लाट मंदावते, तेव्हा केवळ लांबीच स्वाराला पुढे ढकलत नेते.

फळीची खरी कसोटी लागली ती १४ जून १९२५ रोजी, कॅलिफोर्नियातील कोरोना डेल मारच्या किनाऱ्यावर. ड्यूक तेव्हा लॉस एंजलिसच्या बाजूला राहून चित्रपटांतून छोटीमोठी कामे करीत. त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. बंदराच्या तोंडाशी ‘थेल्मा’ ही मासेमारीची नौका उलटली आणि तिच्यावरची २९ माणसे पाण्यात फेकली गेली. ड्यूक फळी घेऊन लाटांत शिरले. नुसते पोहून गेले असते, तर एका वेळी एकालाच आणता आले असते आणि तोही गळ्याला मिठी मारून दोघांना बुडवण्याची भीती. फळी मात्र तरंगती होती. बुडणाऱ्याला धरायला काहीतरी मिळत होते. तीन खेपांत त्यांनी आठ जणांना बाहेर काढले. त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी चौघांना वाचवले. उरलेली १७ माणसे गेली. या दुर्घटनेनंतर अमेरिकेच्या किनाऱ्यांवर जीवरक्षकांच्या हाती फळी देण्याची पद्धत रुळली. ज्या राज्यात सावळ्या वर्णामुळे ड्यूक यांच्या वाट्याला अपमान आले, त्याच राज्याच्या किनाऱ्यावर हे घडले, याचीही नोंद घ्यायला हवी.

१९३० च्या सुमारास त्यांनी घडवलेली फळी हा या चरित्राचा गाभा मानला पाहिजे. त्या वेळी टॉम ब्लेक नावाचा त्यांचा अमेरिकन मित्र होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात पडून असलेल्या जुन्या ओलो फळ्या स्वच्छ करून त्यांचा अभ्यास करीत होता. त्यातून ब्लेकने आतून पोकळ, हलकी फळी तयार केली आणि १९३५ मध्ये फळीच्या तळाला पहिले पाते बसवले. आजच्या प्रत्येक फळीवर ब्लेकचे ते ऋण आहे. ड्यूक यांनी त्याच जुन्या फळ्यांकडे पाहून वेगळा मार्ग निवडला. त्यांनी कोआची सोळा फुटी फळी केली. वजन ११४ पौंड, म्हणजे जवळजवळ ५२ किलो, आणि पाते नाही. एखाद्या सडपातळ माणसाएवढ्या वजनाचे लाकूड वाळूवरून पाण्यात न्यायचे, तेही चाळिशीत. सोयीच्या हिशेबात ही निवड बसत नाही. पण सरदारांची म्हणून जी फळी राज्याबरोबर संग्रहालयात गेली होती, ती पुन्हा वाइकीकीच्या पाण्यावर आली. सहा फूट उंचीच्या, रुंद पंजांच्या, दांडग्या छातीच्या ड्यूक यांना ती शोभतही होती आणि पेलतही होती. दुसऱ्या कोणी ती निवडली असती, तर बहुधा पहिल्याच लाटेत पायावर धोंडा पाडून घेतला असता. वय वाढले तसे त्यांनी कमी लांबीच्या फळ्याही वापरल्या.

पोटापाण्याचा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला. हौशी खेळाडूने पैसे घ्यायचे नाहीत, या नियमामुळे विक्रमांनी घर चालले नाही. चित्रपटांत बहुधा सरदार किंवा रानटी टोळीवाला अशाच भूमिका मिळाल्या. होनोलुलूत त्यांनी पेट्रोल पंपही सांभाळला. १९३४ मध्ये ते होनोलुलूचे शेरीफ म्हणून निवडून आले आणि १९६१ मध्ये ते पदच रद्द होईपर्यंत निवडून येत राहिले. १९४० मध्ये त्यांनी नादीन अलेक्झांडर यांच्याशी विवाह केला. पाहुण्यांचे स्वागत करणारा हवाईचा चेहरा म्हणून त्यांचा पुष्कळ उपयोग करून घेण्यात आला. त्यामानाने त्यांच्या पदरात पडले थोडे.

२२ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. नेमक्या त्याच सुमारास फळ्यांच्या जगात उलथापालथ चालू होती. लाकडाची जागा फोम आणि काचतंतूंनी आधीच घेतली होती. आता दोन-तीन वर्षांत नऊ-दहा फुटांच्या फळ्या सात फुटांखाली आल्या. तरुणांनी लांब फळ्या अडगळीत टाकल्या. आखूड फळीवर उभ्या लाटेत कमालीची वळणे घेता येतात, हे खरेच. पण ती फळी स्वाराला काहीच माफ करीत नाही. पुढे अनेकांच्या ध्यानात आले, की सुरुवात आणि नैपुण्य यांच्या मधल्या टप्प्यावर सात-आठ फुटांची, पुरेशी जाड आणि रुंद फळीच हात देते. आज दुकानात फळीच्या लांबीबरोबर तिचे आकारमान लिटरमध्ये लिहिलेले असते. विकत घेणाऱ्याने आपले वजन, आपण आठवड्यातून किती वेळा पाण्यात उतरतो आणि कोणत्या किनाऱ्यावर उतरतो, हे आधी पाहायचे. मऊ, सावकाश लाट असेल तर लांबी वाढवायची, उभी लाट असेल तर थोडी कमी करायची. मध्येच शंका आली तर जास्त लिटरची फळी घ्यायची. ड्यूक यांच्या काळी लिटर कोणी मोजत नव्हते. लाकूड पाण्यात टाकून त्यावर झोपून पाहिले, की हिशेब होई.

त्यांची रक्षा वाइकीकीच्या समुद्रात, आउटरिगर होड्यांच्या आणि फळ्यांवरील मित्रांच्या साक्षीने सोडण्यात आली. सर्फिंगला ऑलिम्पिकमध्ये स्थान मिळावे, ही त्यांची इच्छा २०२१ मध्ये टोकियोच्या स्पर्धेत पूर्ण झाली आणि महिलांचे पहिले सुवर्णपदक होनोलुलूच्याच करिसा मूर हिने मिळवले. तिच्या पायाखालची फळी सोळा फुटीच्या निम्म्याएवढीही नव्हती. वखारीच्या लाकडाची ती पाइनची फळी मात्र अजून आहे. फ्रेशवॉटरच्या जीवरक्षक क्लबमध्ये ती जपून ठेवलेली आहे.