सेल्फवाला केटरिंग आणि गाडीतला इन्व्हर्टर

गाडीचा सेल्फ मारणे हा शब्दप्रयोग आपल्याकडे गॅरेजवाल्यापासून आजोबांपर्यंत सगळेच करतात. हा सेल्फ म्हणजे सेल्फ-स्टार्टर, आणि तो गाडीत आणणारा माणूस म्हणजे चार्ल्स केटरिंग. मित्रांनो, इलेक्ट्रिकलच्या सिलॅबसमध्ये हे नाव मला एकदाही भेटलं नाही. भेटलं ते घरच्या छोट्या गाडीत इन्व्हर्टर बसवताना.

प्रोजेक्टसाठी शेतावर लॅपटॉप आणि सोल्डरिंग गन चालवायची होती, म्हणून ३०० वॉटचा इन्व्हर्टर आणला. १२ व्होल्ट डीसी आत, २३० व्होल्ट एसी बाहेर. पूर्ण लोडला ३०० भागिले १२ म्हणजे २५ अँपिअर, आणि त्याचे स्वतःचे लॉसेस धरले तर २८ च्या आसपास. सिगारेट लायटरच्या सॉकेटला १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो, तिथून हा करंट घेणं शक्यच नाही. म्हणून थेट बॅटरीपासून जाड वायर, प्लस टर्मिनलच्या अगदी जवळ फ्यूज, आणि पत्र्यातून वायर आत घेताना रबरी ग्रोमेट. एवढं झालं. पण बॅटरी फक्त ३५ अँपिअर-अवरची! इंजिन बंद ठेवून पूर्ण लोड तासभर चालवला तर ती झोपलीच म्हणायची. मग हीच बॅटरी सेल्फ मारताना शंभरावर अँपिअर देते ती कशी? हे शोधताना केटरिंगपाशी पोचलो.

हा १८७६ साली अमेरिकेत, ओहायोतल्या लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतावर जन्मला. डोळे इतके कमजोर, की वाचायला बसलं की डोकं दुखायचं. आधी शाळामास्तरकी केली, मग ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला गेला, डोळ्यांपायी ते मधेच सोडलं, टेलिफोनचे खांब रोवणाऱ्या टोळीत राबला, परत आला आणि १९०४ साली इलेक्ट्रिकलची डिग्री घेतली. वय सत्तावीस. (आपल्याकडे एक वर्ष डाऊन गेलं तर घरात सुतक असतं.)

पहिली नोकरी डेटन गावातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातल्या गल्ल्याच्या मशीनला हाताने फिरवायचा दांडा असे, तिथे त्याने मोटर बसवली. गल्ला काही सेकंद फिरतो आणि मग गिऱ्हाईक येईपर्यंत गप्प बसतो. म्हणजे मोटर दिवसभर चालणारी नको. छोटीच घ्यायची, क्षणभर तिच्या ताकदीपेक्षा जास्त राबवायची आणि मग थंड होऊ द्यायची. माझ्या मते त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली इथेच आहे.

त्या काळी मोटारगाडी हँडल मारून सुरू करत. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं, कधी जबडा. कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलँड याला यावर उपाय हवा होता. इंजिन फिरवेल अशी इलेक्ट्रिक मोटर आणि तिची बॅटरी जवळजवळ गाडीएवढी होईल, असं जाणकारांचं मत. कंटिन्युअस रेटिंगचा हिशोब केला तर तेही बरोबरच. केटरिंगने गल्ल्याचा हिशोब लावला. एडवर्ड डीड्स या मित्राबरोबर त्याने १९०९ साली डेल्को कंपनी काढली होती. डीड्सच्या घरामागच्या कोठारात ही पोरं रात्र रात्र काम करत. १९१२ च्या कॅडिलॅक मॉडेलवर सेल्फ-स्टार्टर आला. यातली मजा अशी, की इंजिन सुरू झालं की तीच मोटर जनरेटर व्हायची आणि बॅटरी चार्ज करायची, दिव्यांनाही वीज मिळायची. गाडीत बॅटरी-चार्जिंगची जी साखळी आपण आज गृहीत धरतो, ती अशी जमली.

माझ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच होतं. गाडीची बॅटरी घडवलेलीच असते क्षणभराच्या जोरासाठी. पातळ पातळ प्लेट्स भरपूर, त्यामुळे पृष्ठभाग मोठा आणि करंट दाबून मिळतो. पण पुन्हा पुन्हा खोलवर उतरवली तर त्याच प्लेट्स झडतात, सल्फेट धरतात. इन्व्हर्टर साधारण १०.५ व्होल्टला आपोआप बंद होतो हे खरं, पण तोवर सेल्फपुरतं काही उरत नाही. म्हणून इंजिन चालू ठेवायचं (उघड्यावरच, गॅरेजात नाही), नाहीतर वेगळी जाड प्लेटांची बॅटरी घ्यायची. मी वेगळी घेतली.

शेतावरच्या विजेचा प्रश्न केटरिंगलाही होताच. १९१६ साली त्याने डेल्को-लाइट काढला. एक छोटं इंजिन, त्याला डायनॅमो, आणि काचेच्या बरण्यांतल्या १६ सेल्सची ३२ व्होल्टची बॅटरी. तारा पोचल्या नव्हत्या तिथल्या शेतघरांत त्यावर दिवे लागले, पाण्याचे पंप चालले. सगळं डीसीवर.

इथपर्यंत वाचून माणूस एकदम आवडतो. पुढचं मला पचायला जड गेलं. डेल्को जनरल मोटर्समध्ये गेली आणि १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग तिथल्या संशोधनाचा प्रमुख होता. इंजिनातलं नॉकिंग थांबवायला त्याच्या हाताखालच्या थॉमस मिजलीने १९२१ साली टेट्राएथिल लेड शोधलं. गॅलनभर पेट्रोलला काही ग्रॅम पुरे. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबतं हे त्यांना माहीत होतं, पण शिशाचा उपाय स्वस्त होता आणि त्याचं पेटंट हातात होतं. १९२४ मध्ये इथिल कंपनी निघाली, केटरिंग तिचा पहिला अध्यक्ष. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवेच्या कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. काही महिने विक्री थांबली, चौकशी झाली, १९२६ साली पुन्हा सुरू. शिसं विषारी आहे हे तेव्हा काही नवीन नव्हतं.

मला इथे तोच गल्ल्याचा हिशोब दिसतो. थोडंसंच आहे, चालून जाईल. मोटरच्या बाबतीत ते चाललं, कारण मोटर थंड होते. शिसं हवेतून मातीत बसतं, हाडांत साठतं, लहान मुलांच्या मेंदूला बाधतं, आणि दर टाकीबरोबर त्यात भर पडते. माझ्या गाडीच्या बॅटरीतही शिसंच आहे, पण ते डब्यात बंद, आणि जुनी बॅटरी दुकानदार परत घेतो. धुराड्यातून गेलेलं परत कोण घेणार?

१९४५ साली न्यूयॉर्कला कॅन्सर संशोधनाची स्लोन-केटरिंग संस्था निघाली, त्यातलं दुसरं नाव याचंच. १९५८ च्या नोव्हेंबरात तो वारला. डेटनजवळचं एक शहरही आज त्याच्या नावाने आहे. भारतात पंपांवरचं शिशाचं पेट्रोल २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर बंद झालं. जगात गाड्यांसाठीची त्याची विक्री सगळ्यात शेवटी थांबली ती अल्जीरियात, २०२१ साली.