विश्लेषण : राजा दूर असताना राज्य कुणाचे? रामचंद्रपंत अमात्यांनी काय केले?

आष्ट्याहून दुधगावच्या बाजूला निघाले की थोड्याच वेळात वारणा लागते. अलीकडे सांगली जिल्हा, पलीकडे कोल्हापूर. १७३१ च्या वारणेच्या तहाने हीच नदी दोन छत्रपतींमधली सीमा ठरली : उत्तरेला साताऱ्याचे शाहू, दक्षिणेला कोल्हापूरचे संभाजी. दोघेही शिवाजी महाराजांचे नातू. मग खरा राजा कोणता? आणि राज्य म्हणजे राजा, की त्याहून वेगळे काही? या प्रश्नात ज्यांचे निम्मे आयुष्य गेले, ते रामचंद्र नीलकंठ बावडेकर, म्हणजेच रामचंद्रपंत अमात्य, तह होण्याच्या पंधरा वर्षे आधीच वारले होते.

वडील नीळो सोनदेव शिवरायांच्या कारभारातले जुने अधिकारी. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांत रामचंद्रपंत होते. मुलूख आणि फौज महाराजांकडे आधीपासूनच होती. तरीही गागाभट्टांच्या हातून अभिषेक करवून घ्यावा लागला, कारण जिंकलेली सत्ता आणि मान्य झालेले राजेपण या तेव्हाच्या समजुतीप्रमाणे दोन वेगळ्या गोष्टी होत्या. जुन्या राजनीतिशास्त्रात राज्याची सात अंगे सांगितली आहेत : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. राजा त्यातले पहिले अंग, पण सातांपैकी एकच. मध्ययुगीन युरोपातल्या कायदेपंडितांनी हाच गुंता वेगळ्या रीतीने सोडवला. राजाला दोन देह असतात, एक मरणारा आणि एक न मरणारा, असे ते म्हणत.

हुकूमतपन्हा म्हणजे कोण?

पुस्तकातला हा प्रश्न १६८९ मध्ये अंगावर आला. मार्चमध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांना ठार केले. पुढे रायगड पडला आणि येसूबाई व सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज निसटून दूर जिंजीला पोहोचले. महाराष्ट्रात राजाच उरला नाही, गादीचा किल्लाही नाही.

जाताना त्यांनी रामचंद्रपंतांना ‘हुकूमतपन्हा’ हा किताब आणि त्यासोबत जवळजवळ राजाचे अधिकार दिले. पंतांनी विशाळगडाच्या आश्रयाने कारभार चालवला. शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक हे सोबतीला आणि मैदानात संताजी घोरपडे, धनाजी जाधव. जिंजीहून निरोप यायला किती काळ लागत असेल, याची कल्पना करावी. निर्णय इथेच घ्यावे लागत. सुमारे आठ वर्षे राजा समोर नसताना राज्य चालले, किल्ले परत घेतले गेले आणि औरंगजेबाला हा मुलूख सोडून जाता आले नाही.

याची किंमतही होती. औरंगजेब मराठा सरदारांना वतनांचे आमिष दाखवत होता. ते टिकवायचे तर इकडूनही वतने देणे भाग पडले. शिवरायांनी जे कटाक्षाने टाळले होते, ते पंतांच्या कारभारात झाले. दुसरा मार्ग होता असे वाटत नाही, पण त्या सनदांनी गावोगाव छोटे धनी उभे केले हेही खरे.

दोन गाद्या का झाल्या?

राजाराम महाराज १७०० मध्ये सिंहगडावर वारले. ताराबाईंनी लहानग्या शिवाजीला गादीवर बसवून लढा चालू ठेवला. १७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि शाहू सुटून आले. शाहूंचा दावा वडीलकीचा. ताराबाईंचे म्हणणे असे की, थोरल्या महाराजांचे राज्य संभाजीराजांच्या काळात गेले. आताचे आहे ते राजाराम महाराजांनी राखलेले, त्यावर शाहूंचा हक्क नाही. म्हणजे राज्य ही वडिलोपार्जित मिळकत, की ते ज्याने राखले त्याचे? अनेक सरदार शाहूंकडे गेले. रामचंद्रपंत कोल्हापूरच्या बाजूला राहिले. १७१४ मध्ये मात्र ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले आणि राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला. यामागे पंतांचा हात असल्याचे बहुतेक इतिहासकार मानतात. राजाला बाजूला करता येते, हे राज्य राखणाऱ्यानेच दाखवून दिले.

आज्ञापत्रात काय आहे?

पुढच्याच वर्षी, १७१५ मध्ये, ‘आज्ञापत्र’ तयार झाले. ते राजाच्या नावाने निघालेले आहे. लेखन पंतांचे मानले जाते. राजाला राज्य ईश्वराच्या कृपेने मिळते, असे त्यात आहे. पण तेवढ्यावर राजाची सुटका नाही. प्रजेच्या सुखदुःखाची जबाबदारी त्याच्यावर येते आणि त्याला आवरायला चांगला प्रधान लागतो. साहुकार ही राज्याची शोभा, दुर्ग हे राज्याचे सार, आरमार हे स्वतंत्र अंग. गलबतांच्या लाकडासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, असेही बजावले आहे. टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, किनाऱ्यावर पाय रोवू देऊ नये हा इशाराही त्यात आहे.

सर्वांत कडक भाषा वतनदारांविषयी आहे. त्यांना नवी सत्ता देऊ नये; जुनी वतने तोडणे अन्यायाचे, म्हणून ती जपावीत, पण वतनदारांना धाकात ठेवावे. स्वतः सनदा दिलेल्या माणसाचे हे मत आहे, म्हणून ते जास्त लक्ष देऊन वाचावे लागते.

१७१६ मध्ये पंत पन्हाळ्यावर वारले. ज्या संभाजींच्या नावाने आज्ञापत्र निघाले, त्यांनीच पुढे शाहूंशी तह केला आणि आष्ट्याच्या दक्षिणेची वारणा हद्द झाली. ताराबाई तेव्हा साताऱ्यात, शाहूंच्या देखरेखीखाली होत्या.