दाब आणि दट्ट्या

आमच्या नेवासे तालुक्यातल्या विहिरीवर आजोबांचे किर्लोस्कर ऑइल इंजिन होते. सिलिंडरमध्ये दाबलेली हवा तापते, डिझेल पेटते, वायूचा दाब दट्ट्याला ढकलतो, चाक फिरते आणि पाणी वर येते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातला. रंग नीट ओळखता येईनात म्हणून चित्रकला सुटली. ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. लोखंडी नांगराने जमीन बिघडेल या भीतीने शेतकरी तो घेईनात, तरी ते खचले नाहीत. १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. १९४६ मध्ये पुत्र शंतनुरावांनी पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. १९५६ मध्ये लक्ष्मणराव निवर्तले.

त्या पाण्यावरच आमचा ऊस पिकला. घरातून कॉलेजात येणारा मी पहिलाच. इंग्रजीच्या पेपराचा दाब वाटतो, तेव्हा मला तो दट्ट्या आठवतो. दाब आला की पुढे सरकायचे.